पाण्यातच खोट असणार

३ फेब्रुवारी, सोमवार

अनसूया आजही आली नाही. भांडी मीच घासली. दुपारी तिच्या नवऱ्याचा फोन – "काकू, ॲडमिट केलंय तिला. कंबर धरून रडते नुसती." सहा वर्षं आमच्याकडे काम करते, एकदाही रडताना पाहिलं नाही मी तिला. हातातलं तसंच टाकलं आणि रिक्षा करून गेले.

लघवीचा संसर्ग. वर्षात तिसऱ्यांदा. या वेळी मूत्रपिंडाला सूज आहे. डॉक्टर म्हणाले, आत्ता गोळ्या-इंजेक्शनांनी बरी होईल, पण हे पुन्हा पुन्हा होण्याचं कारण सापडायला हवं. नाहीतर एक किडनी जायची. चौतीस वर्षांची बाई! हे काय किडनी घालवायचं वय आहे?

शेजारीण सुलू बसली होती उशाशी. बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, "आमच्या गल्लीत खूप जणींना आहे हे काकू. बोलत नाय कोण."

५ फेब्रुवारी

ओळखीतल्या डॉ. अभिनवला फोन केला. त्याची संस्था अनसूयेच्या वस्तीत, नवघरमध्ये, फिरता दवाखाना सुरू करतेय. त्याआधी लोकांना काय काय होतंय याची पाहणी, घरोघर फॉर्म भरून. माणसं कमी पडतायत म्हणाला. म्हटलं, अनसूयेची गल्ली मला दे!

हे म्हणाले, "निवृत्त झालीस ना?" झाले. पण टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं तक्रारी घेतल्यात. बिघाड कुठे आहे ते मला बरोबर सापडतं.

६ फेब्रुवारी

सकाळी अकरा ते एक. सतरा घरं. सगळीकडे म्हातारे पुरुष नाहीतर शाळेला दांडी मारलेली पोरं. "घरात कोणी आजारी?" "कोण नाय." एका दाजींनी स्वतःच्या गुडघ्यांवर अर्धा तास घेतला आणि सुनेबद्दल विचारलं तर म्हणाले, "तिला काय धाड भरलीय?" सतरा फॉर्म भरले – गल्ली ठणठणीत!

अभिनवने फॉर्म चाळले. "काकू, बायका होत्या घरी?"

नव्हत्या. कामावर गेलेल्या. म्हणजे बायकांची दुखणी मी सासऱ्यांना विचारून आले. शहाणीच मी!

८ फेब्रुवारी

काल आणि आज तीननंतर गेले. बायका होत्या. आधी "सगळं बरं आहे" आणि मग दार लोटून घेऊन खालच्या आवाजात. जळजळ. थंडी वाजून ताप. मूतखडा. घरकाम करणाऱ्या एकतीस जणींपैकी एकोणीस! इतकी असतील असं वाटलं नव्हतं.

पाणी. दुसरं काय असणार? गल्लीच्या टोकाला टाकी आहे, झाकण अर्धवट. पाण्यातच खोट असणार. बाटली भरून घेतली तपासायला. येताना अनसूयेला सांगून आले, चोर सापडला म्हणून. ती हसली कशीबशी. सलाईन चालू आहे अजून.

११ फेब्रुवारी

पाणी चांगलं आहे. दोनदा विचारलं लॅबवाल्याला. चांगलं आहे म्हणतो!

मग? तेच पाणी पुरुष पितात, पोरं पितात, त्यांना काही नाही. आणखी एक गंमत – घरी बसून मण्यांच्या माळा ओवणाऱ्या सात जणी आहेत, त्यांतल्या एकीलाही नाही. फॉर्म पलंगावर मांडून बसले. वयं लावून पाहिली, मुलं लावून पाहिली. तिखट? साबण? काही जुळत नाही. डोकं चालेनासं झालंय.

१२ फेब्रुवारी

अभिनवला ठासून सांगितलं, सार्वजनिक संडासच कारण आहे. तो म्हणाला, "मग माळा ओवणाऱ्या कुठे जातात?" त्याच संडासात.

१४ फेब्रुवारी

सुलूकडे गेले होते. ती कांदा चिरत होती, मी फॉर्मवरचे उरलेसुरले प्रश्न विचारत होते. दिवसाला पाणी किती?

"पिते ना. घरी आल्यावर दोन-तीन तांबे."

"आणि आधी?"

हसायलाच लागली. "काकू, सहाला निघते, अडीचला येते. पाच घरं. पाणी पिऊन जायचं कुठं?"

मला कळेचना आधी. कुठं म्हणजे? मग तिने नीट सांगितलं. बिल्डिंगखाली वॉचमनचा संडास आहे, त्याला कुलूप. घरात विचारायची सोय नाही. म्हणून सकाळी चहासुद्धा घोटभरच. सगळ्या जणी असंच करतात. नवीन मुलगी कामाला लागली की तिला पहिलं हेच शिकवतात!

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दोन-दोन बाथरूमचे फ्लॅट आणि घासायला-पुसायला येणाऱ्या बाईला एक दार उघडत नाही? काय माणसं आहेत ही! घरी येऊन यांच्यापुढे तासभर बोलले. या जणी कामाला जातात त्या शांती नगरमधल्या एकेका सोसायटीत नोटीस लावणार म्हटलं.

यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि आपल्याकडे?"

आपल्याकडे? कोणी अडवलंय तिला! तिच्या मुलीची वह्या-पुस्तकं मी घेते, दिवाळीला साडी मी देते. घरच्यासारखी आहे ती. नाही गेली कधी तर लाजून गेली नसेल. असं मी म्हटलं खरं. पण सहा वर्षांत एकदाही? लाजणारी बाई आहे का ती? कळत नाही.

१५ फेब्रुवारी

अभिनवला सगळं सांगितलं. फॉर्मवर गरज म्हणून औषधं आहेत, डॉक्टर आहेत, तपासण्या आहेत. कामाच्या ठिकाणी संडास, ही गरज लिहायला रकानाच नाही. "मागच्या कोऱ्या बाजूला लिहा काकू," म्हणाला. एकोणीस वेळा लिहिलं.

अनसूयेच्या डॉक्टरांनाही जाऊन सांगितलं. ते म्हणाले, हेच असणार. दिवसाला तीन लिटर पाणी आणि अजिबात दाबून धरायचं नाही, तरच किडनी वाचेल. सोमवारी सोडतायत. जीव भांड्यात पडला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अनसूयेला घरी सोडून आले. रिक्षात म्हटलं, "अगं, निदान आमच्याकडे तरी हक्कानं जायचंस. विचारायचंस मला!"

ती बाहेर बघत होती. राग नव्हता आवाजात. "विचारलं होतं काकू. नवीन होते तेव्हा. तुम्ही म्हणालात, आता काय, शेवटचं घर, वीस मिनिटांत घरी पोचशील की."

मी असं म्हणाले? दुपारपासून आठवून पाहतेय. आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे.