हात सोडायचा नाही

आई, आज मी तुझ्या जागेवरून हायवे ओलांडला. इतकी वर्षं तिकडून गेले ती गाडीतूनच, काच वर करून. आज पायी गेले.

तू शिरोलीच्या फौंड्रीत वाळूचे साचे करायला जायचीस आणि माझी शाळाही हायवेपलीकडेच, म्हणून सकाळी आपण बरोबर निघायचो. एकटीनं रस्ता ओलांडायचा नाही, हा तुम्हा बायकांचा कायदा. सगळ्या जमेपर्यंत कडेला थांबायचं, मग हातात हात धरून रांग, आणि पुढं तू, ट्रकवाल्याच्या तोंडावर पंजा उगारून. "थांब की रं मुडद्या! घरात आया-भणी न्हाईत व्हय तुला?" मला वाटायचं, ट्रक तुला घाबरूनच थांबतो. एकदा मधोमध माझी चप्पल निसटली. ती घ्यायला मी हात सोडवला, तर तू मला दंडाला धरून फरफटत पलीकडं नेलंस आणि सगळ्यांदेखत थोबाडीत दिलीस. "चप्पल दुसरी मिळंल, पोरगी कुठनं आणू? हात सोडायचा न्हाई म्हंजे न्हाई!" बाजाराच्या दिवशी बकलाचे सँडल आणलेस, पायातून निसटू नयेत म्हणून. मी रुसून ते बरेच दिवस घातलेच नाहीत.

आणि त्या संध्याकाळी तूच हात सोडलास. शेजारची काकू तुझ्या लगेच मागं होती. ट्रक थांबत नाही हे तुला आधी दिसलं. तू तिचा हात हिसडलास, तिला मागं ढकललंस, आणि अख्खी रांग कडेला जाऊन पडली. "तुझी आई नसती तर समद्या गेलो असतो गं," असं म्हणत काकू माझ्या गळ्यात पडून रडली. मला तिचा राग आला. तुझा तर फारच. घरात पोर वाट बघत बसलंय, हे आठवलं नाही का गं तुला? लोक तुला देवी म्हणायला लागले. मला देवी काय करायची होती? मला आई पाहिजे होती.

आता मी रस्त्याच्याच खात्यात इंजिनिअर आहे. हायवे चौपदरी झालाय, मध्ये कमरेएवढा दुभाजक आलाय. तिथं भुयारी मार्ग हवा, अशी गावाची मागणी आहे. साहेब म्हणतात, "तिथून कोण ओलांडतं? पुढं चौक आहे, तिथून जावं की लोकांनी." उद्याच्या बैठकीत 'गरज नाही' असा अहवाल मी द्यावा, अशी त्यांची इच्छा. म्हणून आज फौंड्री सुटल्याचा भोंगा झाला तेव्हा मी तिथं जाऊन उभी राहिले.

अगं, दुभाजक सोडला तर काही म्हणजे काही बदललेलं नाही. सायकलवाले दोघं मिळून एक सायकल दुभाजकावरून उचलतात, आधी ह्याची, मग त्याची. बायका कडेला जमतायत. मी पुढं सरकले तशी एक पोरगी ओरडली, "ओ बाई, एकट्या कुठं निघालाय? मरायचं हाय व्हय? धरा हात!" मी रांगेच्या शेवटाला, तिचा हात धरून. पहिला अर्धा रस्ता पार पडला. दुभाजकावरून पिशव्या आधी पलीकडं, मग आम्ही. दुसऱ्या अर्ध्यात मधोमध आलो आणि टँकर दिसला. पुढची बाई पंजा उगारून ओरडतेय, टँकर हॉर्न मारतोय, वेग कमी करत नाही. बाकीच्या पोचल्या, ती पोरगी मला ओढतेय आणि माझे पाय चालत नाहीत. शेवटी तिनंच हिसका देऊन मला कडेला ओढलं. टँकर पाठीमागून गेला तेव्हा त्याचा वारा माझ्या मानेला लागला.

अहवाल लिहिलाय. भुयारी मार्ग तिथंच हवा, चौकावर भागणार नाही. सहीसुद्धा केलीय. बदली केली तर करू देत. उद्या साहेबांसमोर हेच बोलणार. हे पत्र मात्र कुठं पाठवू? राहील पर्समध्येच.

एक गोष्ट अहवालात नाही, तुलाच सांगते. टँकर अंगावर येत होता तेव्हा मला कळत होतं, त्या पोरीचा हात सोडला पाहिजे, नाहीतर माझ्याबरोबर तीही जाईल. कळत होतं, तरी मी सोडला नाही. उलट आणखी आवळला. पलीकडं गेल्यावर ती बोटं चोळत हसली, "बाई, केवढ्यानं धरलाय हात!" तिलाही घरी कुणीतरी असेल ना गं, वाट बघणारं? तुला जमलं ते मला जमलं नाही, आई.