चिवड्याच्या बरणीवरची रेघ

सुनयना,

मार्केटला निघालोय. तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. काल तुझा रिपोर्ट आणला. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी हार्मोन कमी सोडते, त्यामुळे अंगात जळतं कमी आणि साठतं जास्त. गोळी टीव्हीवर ठेवलीय. उठल्या उठल्या पाण्याबरोबर घे, चहा अर्ध्या तासाने.

मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "पोत्यात माल भरल्याशिवाय काटा पुढे सरकेल कसा? सत्तावीस वर्षं मापाडी आहे मी." त्या हसल्या. "काका, माणूस म्हणजे पोतं नव्हे. चरबीसुद्धा गप्प पडून नसते, मेंदूला निरोप धाडत असते. गोळीने सगळंच वजन उतरेल असं नाही, पण पोरीला उपाशी ठेवू नका."

आता माझं सांगतो. तुझं वजन वाढतंय म्हणजे तू चोरून खातेस असं धरून, तुला पकडायला चिवड्याच्या बरणीवर पेनाने रेघ मीच मारली होती. चिवडा रेघेखाली गेला, आईने विचारलं, तेव्हा मी तुझं नाव घेतलं. त्या दिवसापासून तू रात्री जेवत नाहीस. चिवडा मी खात होतो, रोज निघताना मूठभर. माझं तेलकट बंद आहे, म्हणून बोललो नाही. एवढं खाऊनही माझा पट्टा अजून जुन्याच भोकावर लागतो, आणि तू उपाशी राहूनही तुझे ड्रेस आई दर महिन्याला उसवून ढिले करते. दोन्ही डोळ्यांसमोर असून मापाड्याला दिसलं नाही.

रेघ पुसलीय. आईला आज मीच सांगतो. रात्री माझ्याबरोबर जेवायला बस. भाकरी मोजणार नाही.

आप्पा