काळी गाडी आणि लोकरीचा पॅड

३ नोव्हेंबर
ठरलं. खोपोलीची नोकरी सोडली ते बरंच झालं. आता गाड्यांना पॉलिश करायचा धंदा. हर्षलाचे थोरले भाऊ योगेंद्रदादा, त्यांचा कशेळ्यात रस्त्याला लागून एक गाळा रिकामा आहे. त्यांच्या मुलाचं, साईनाथचं, लग्न तेवीसला. नवरदेव दादांच्या काळ्या गाडीतून जाणार. दादा म्हणाले, भावजी, वऱ्हाडाला त्यात तोंड दिसलं पायजे, मग गाळा तुमचा. हर्षला म्हणाली, अहो, आधी आपल्या स्कूटरवर हात बसवा. बायकोचाच विश्वास नाही. डोक्यात जातं.

५ नोव्हेंबर
पॉलिशच्या मशीनला लावायचे पॅड आले. एक लोकरीचा, बाकी फोमचे: केशरी, पांढरा, काळा. व्हिडिओवाला म्हणतो, रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा, बोटाने दाबून कडक-मऊ बघा. मग रंग दिलेच कशाला? पुढे म्हणतो, सगळ्यात मऊ पॅडने सुरुवात करा, डाग नाही गेला तरच कडक घ्या. म्हणजे ज्याने काम होणार नाही तो आधी वापरा. आणि हे सगळं एका कोपऱ्यात करून बघा म्हणे. अशा भित्र्या लोकांची किळस येते. गाडी मोठी, काम मोठं. सरळ लोकर, ती सगळ्यात जोरात घासते.

८ नोव्हेंबर, सकाळ
गाडी आली. किल्ली देताना दादांनी बॉनेटवर हात फिरवला, परत फिरवला. लेक सासरी धाडताना करतात तसं तोंड. आमच्या कर्जतजवळच्या कडावात धूळ म्हणजे वैताग, म्हणून गाडी गोठ्यात घेतली आणि म्हशी बाहेर बांधल्या. आई म्हणाली, म्हशी दूद देतात, ही गाडी काय देते रं? असल्या वातावरणात माणूस पुढे जाणार कसा.

११ नोव्हेंबर
अर्धी गाडी झाली. लोकरीने जुने ओरखडे सफाचट. मी बोललोच होतो. पण पॅड पॉलिशने चोंदले. सगळे धुतले. वाळायला वेळ कुणाला आहे?
खळ्यावर झोडणी चालू आहे. भात वारवायला आई मोठा पंखा लावते. त्याच्यापुढे पॅड ओळीने मांडले. फुकटचा ड्रायर. व्हिडिओवाल्यांना हे सुचणार नाही. आई म्हणाली, अरं, सगळा कोंडा तितंच जातो, उचल ते. मी म्हटलं, आई, हा धंद्याचा माल आहे, तुला नाही कळायचं. तिने पंखा बंद केला नाही.

१२ नोव्हेंबर
पॅड खडखडीत वाळले. लोकर हाताला जरा टोचली. धुतलेली लोकर टोचतेच. झटकली आणि उरलेली अर्धी गाडी उरकली. मग झालेल्या अर्धीवरूनही एक हात मारला, सगळं सारखं दिसायला हवं. मशीनमधून खर्र आवाज येत होता. हर्षलाने विचारलं, कसला आवाज? सांगितलं, पॅड रंग धरतोय. गोठ्यात गाडी आरशासारखी. फोटो स्टेटसला टाकला.

१३ नोव्हेंबर
गाडी उन्हात काढली. सगळ्या अंगावर गोल गोल रेषा. बॉनेट, दारं, टप, कुठेच मोकळी जागा नाही. नेटवर बघितलं, याला होलोग्राम म्हणतात. म्हणजे नाव असलेली गोष्ट आहे, चूक नाही. शिवाय काळा रंगच नालायक. पांढऱ्या गाडीवर कुणाला दिसलंही नसतं.
पॅड उलटून बघितले. लोकरीत भाताची कुसळं. केशरीत कुसळं. पांढऱ्यात तूस. आईला म्हटलं, तुझ्या भातात इतकी घाण असते? ती पदर तोंडाला लावून घरात गेली. हसत होती. किळस आली.

१६ नोव्हेंबर
काळा मऊ पॅड फिरवला. तोही पंख्यापुढेच वाळलेला, हे नंतर आठवलं. शेवटी गाडीला खोबरेल लावलं. रेषा गायब. काय तुकतुकी आली. डोकं लागतं.

१७ नोव्हेंबर
भज्याला पीठ लागतं तशी रात्रभरात गाडीला धूळ लागली. वर माश्या. शी. शाम्पूने धुतली. रेषा होत्या तिथेच.

२० नोव्हेंबर
गाडी पोचवली. पॉलिशचं खरं सौंदर्य तिन्हीसांजेला दिसतं, म्हणून मुद्दाम उशिरा गेलो. दादा खूश. वहिनींनी चहा दिला. हर्षलाने चहा अर्धा सोडून चपला घातल्या.

२१ नोव्हेंबर, सकाळ
दादांचा फोन.  म्हणाले, भावजी, हे काय केलात? मी होलोग्राम समजावून सांगायला लागलो तर फोन बंद. कशेळ्याचं नेटवर्क अगदी टाकाऊ.

२३ नोव्हेंबर
लग्न झालं. फुलवाल्या दशरथने सगळी गाडी झेंडूने मढवली होती. काळा रंग बोटभर दिसत नव्हता. जो तो त्याचं कौतुक करत होता. मी दोघा-तिघांना सांगितलं, आतलं पॉलिश माझं. ते फुलं बाजूला सारून बघायला लागले. हर्षलाने दंडाला धरून मला पंगतीत नेऊन बसवलं.
जेवताना दादांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, गाळा दशरथला. फुलांच्या दुकानाला. ज्याला सजावट आणि पॉलिश यातला फरक कळत नाही त्याच्याशी काय बोलायचं. घरी येताना हर्षला रडली. म्हणाली, मी दादाच्या पाया पडून तुमच्यासाठी शब्द टाकला होता. हे मला माहीत नव्हतं. मी गुलाबजामच्या पाकाबद्दल बोलत होतो.

२७ नोव्हेंबर
दादांनी गाडी पनवेलच्या मोठ्या पॉलिशच्या दुकानात दाखवायला सांगितलं. त्यांना पाहुण्यांतून सवड नाही, म्हणून मलाच जावं लागलं. तिथल्या माणसाने बॉनेटवर दिवा धरला आणि आतल्या सगळ्यांना बघायला बोलावलं. मला म्हणाला, साहेब, ही वाट कुणी लावली?
म्हटलं, आहे एक कर्जतकडचा. अडाणी.
तो म्हणाला, अशा माणसाला लोक गाडी देतात तरी कशी?
म्हटलं, नातेवाईक आहे.