करणारीचा चहा

१२ जाने., सोम.
अभि आला. सोबत मिहो. सहा वर्षं जपानात नोकरी करून पोरानं काय आणलं, तर सून! म्हणजे अजून सून नाही. रविवारी परत जायच्या आत त्याला माझा होकार हवाय. ह्यांनी आपला शिर्डी विमानतळावरच देऊन टाकला. माझा घशात अडकलाय. लग्न झालं की तो तिकडचाच झाला, एवढं मला कळतं. पोरगी वाईट नाही. सारखी वाकते, भांडायला जागाच ठेवत नाही.

१४ जाने., बुध.
संक्रांत. शेजारच्या देशमुखबाई हळदीकुंकवाला आल्या. "ही कोण गं?" "अभिची पाहुणी," म्हटलं. अभि उठून आत गेला. मिहोला मराठी येत नाही, पण चेहरे वाचता येत असावेत.
संध्याकाळी अभि म्हणाला, "आई, परवा मिहो तुम्हा दोघांना चहा देणारे. त्यांच्या पद्धतीचा. बारा वर्षं शिकलीये." चहा करायला बारा वर्षं! बोलले नाही. इथं लिहिलं, बास.

१६ जाने., शुक्र.
दु. ४. सोफा भिंतीला सरकवला, चटई अंथरली. माझ्याच घरात मी पाहुणी. हात धुवून, वाकून यायचं. गुडघे बोंबलले, मिहोनं न बोलता पाट पुढे केला. तिची मिठाई प्रवासात चुरली होती, म्हणून चहाआधी आमच्यापुढे माझ्याच तिळाच्या वड्या ठेवल्या. एकेकच, पण अशा काही ठेवल्या की मलाच माझ्या वडीचं कौतुक वाटलं.
मग ती कामाला लागली. वाडगा स्वच्छ होता तरी पुसला. हिरवी पूड, गरम पाणी, बांबूची इवलीशी रवी. रवीचा आवाज, नि बाहेर भंगारवाला. हे माझ्या कानात, "दूधसाखर विसरली का गं?" चिमटा काढला.
पहिला वाडगा ह्यांना. शेवटच्या घोटाला नेहमीचा फुर्रर्र! मी डोळेच मिटले, जन्मभर ओरडतेय त्या फुरक्यावरून. तर मिहो खुदकन हसली. अभि म्हणे, "बरोबर केलंत बाबा, संपला की असाच आवाज करतात." आता हे मला मरेपर्यंत ऐकवणार.
वाडगा धुवून मग माझा चहा केला. कडू. दोन घोट घेतले नि विचारलं, "तिचा कुठाय?"
"करणारी पीत नाही, आई. ती फक्त पाहुण्यांना देते."
मला काय झालं कोण जाणे. बत्तीस वर्षं ओट्याशी उभं राहून गार झालेला चहा पितेय मी. तुझा कुठाय, असं कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. वाडगा तिच्यापुढे धरला. "घे पोरी, तू पण घे." माझा उष्टा! मी, जी ह्यांच्या तांब्यालाही तोंड लावत नाही.
अभि गडबडला, "अगं आई, असं नसतं…" तिनं त्याच्याकडे बघितलंच नाही. दोन्ही हातांनी घेतला, जरासा फिरवला, सगळा प्यायली. डोळ्यांत पाणी तिच्या. माझ्याही. लिहायला कसली लाज.

१८ जाने., रवि.
गेली दोघं, सकाळीच. गाडीपाशी अभि माझ्याकडे बघत उभा. मी वड्यांचा डबा दिला, स्वेटर घाल म्हटलं, नि जे बोलायचं ते राहिलंच. गाढव आहे मी. मिहोनं वाडगा माझ्या हातात ठेवला. "आईसाठी," म्हणाली. पाठ केलं असणार.
आत येऊन तो शोकेसमध्ये ठेवला, पाहुण्यांच्या कपांजवळ. दुपारी पुन्हा काढला. त्यात आल्याचा चहा ओतून घेतला नि खुर्चीत बसून प्यायले, गरम गरम. धुऊन रोजच्या कपांत पालथा घातला.
"तिथं फुटेल ना गं," हे म्हणाले.
"फुटू दे. घरातलाच आहे."
हे नुसते हसले.
पोचल्यावर अभि फोन करेल. आधी तिलाच द्यायला सांगणार आहे. तिला कळेल असं काय बोलायचं, ते अजून…