बागेत चहा मांडलाय

दादा, नमस्कार.

पुन्हा तेच लिहिलंस! म्हणे "वरच्यांपुढे आवाज चढवू नकोस." अरे, आवाज चढवू नये हेच तर या हॉटेलात शिकवतात. आमचा मॅनेजर म्हणजे इस्त्री मोडेल म्हणून वाकतही नाही असला प्राणी. त्याचा नियम असा की आग लागली तरी पाहुण्यापुढे 'आग' म्हणायचं नाही, हसून म्हणायचं, "बागेत चहा मांडलाय, चला."

मंगळवारी कपडे धुवायच्या खोलीत खरंच आग लागली. जिन्यात धूर, आणि हे महाशय दारं वाजवत हसतायत, "चहाला चला!" आतून उत्तर येतंय, "नको, आत्ताच घेतला." कोण हलणार?

मी सरळ दारांवर लाथा घातल्या आणि बोंबललो, "आग! पळा!" तेही आपल्या भाषेत, दुसरी आठवली कुठे? पण लाथा सगळ्यांना कळल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीला पाठुंगळी घेऊन उतरलो, तर ती चष्मा राहिला म्हणून वाटभर माझ्या कानात ओरडत होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मग मॅनेजरने बागेत खरंच चहा मांडला आणि सगळ्यांदेखत मला झापलं, "पाहुण्यांशी असं बोलतात?" पगार कापला. पुन्हा ओरडलास तर घरी पाठवीन म्हणतो. पाठव म्हणावं! धूर दिसला तर मी पुन्हा ओरडणारच.

थोडा खोकला आहे, आईला सांगू नकोस. तिचा गुडघा कसा आहे? गोळ्या मध्येच बंद करू देऊ नकोस.

तुझा बोंबल्या

ता.क. दर वेळी पंधरा हजार पाठवतो, या वेळी अकराच.