वारुळावरची अळंबी

१८ जुलै, पाटण

मयूरीचा फोन, जर्मनीहून. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या स्फोटानंतरचा पाऊस तिकडच्या जंगलांवर पडला, त्याला चाळीस वर्षे होत आली – मातीतले किरणोत्सारी सिझियम अजून अळंब्यांत उतरते! “बाबा, तुम्ही अजून रानातली खाता?” खातो. वाडीवरची रंगुबाई दर आषाढात आणून देते. जागा ती कोणाला सांगत नाही. एकट्या उमेला, माझ्या पत्नीला, तेवढी दाखवली होती.

उमेला रक्ताचा कर्करोग कशाने झाला, याचे उत्तर ती गेल्यापासूनच्या सहा वर्षांत मला कोणी दिलेले नाही.

२१ जुलै

रंगुबाई आली. “आवं सर, यंदा वारुळावर लय फुटल्यात. गरम भाकरीसंगं खावा.”

मी क्रमाने मांडले: जंगलाची माती किरणोत्सार धरून ठेवते, अळंबी तो शोषून घेते, उमा हीच अळंबी खात असे. रंगुबाईने उघडलेली पाने पुन्हा मिटली. मग – “म्हंजी वैनीस्नी मी मारलं म्हणायचं?”

‘नाही’ म्हणायला हवे होते. मी म्हणालो, “शक्यता नाकारता येत नाही.”

पानांतली अळंबी ओट्यावर ठेवून ती निघून गेली.

२२ जुलै

तीच अळंबी, देठांच्या मातीसकट, मयूरीच्या ओळखीने मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवली.

९ ऑगस्ट

कोणी आले नाही. रंगुबाईला मी काय म्हणालो, ते गावात पसरले असावे. दूधवालाही पिशवी कडीला अडकवून जातो.

२ सप्टेंबर

अहवाल आला. सिझियम मोजता येण्याइतकेही नाही!

चौतीस वर्षे सांगलीत तर्कशास्त्र शिकवले. ‘काही जंगले’ यावरून ‘सर्व जंगले’ असा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याची वही मी न वाचता परत करत असे. इथे मला उमेच्या मृत्यूला कारण हवे होते, आणि रंगुबाई दारात उभी होती – एवढाच माझा पुरावा.

उद्या तिच्या वाडीवर जाईन. आधी क्षमा, मग अहवाल. आणि तिने परवानगी दिली, तर उमेची ती जागा एकदा पाहीन.

३ सप्टेंबर

गेलो. क्षमा मागितली. तिने कागद हातात धरला, परत दिला. “बरं झालं, सर. जीव हलका झाला.” जागेचे विचारले, तेव्हा खाली पाहत म्हणाली, “वारूळ तुमी बोललासा त्याच सांजंला खणून वढ्यात टाकलं. नातवंडं जात्यात की तिकडं. तुमी शिकल्यालं माणूस – उगं कशाला बोलाल?”