बंड्याच्या खाजेवर माझे इलाज

सोमवार, ६ ऑक्टोबर. सकाळी ७
बंड्या दोन दिवस सारखा खाजवतोय. पोटाखाली लाल चट्टा. क्षितिजा म्हणाली, बाबा, डॉक्टरकडे नेऊ. मी शांतपणे सांगितलं, दापोड्याच्या गोडाऊनवर चाळीस माणसं सांभाळतो, घरचा एक कुत्रा सांभाळता येणार नाही का. संकल्प: सात दिवसांत खाज बंद. फक्त घरगुती उपाय.

मंगळवार, ७
कडुलिंबाचा पाला उकळून आंघोळ. बंड्याचं सहकार्य नाही. जास्त आंघोळ मलाच झाली.

बुधवार, ८
हळद-दह्याचा लेप. दही त्याने चाटून टाकलं. म्हणजे औषध पोटातूनही गेलं. पांढरा बंड्या पिवळा झालाय. सोफाही. हेमाली सोफ्याबद्दल जे बोलली ते इथे लिहीत नाही. बायको आहे, चालायचंच.

गुरुवार, ९. दुपारी
शास्त्रीय पद्धत सुरू. तासाला किती वेळा खाजवतो ते मोजायचं. सकाळी ४१. आत्ता ९. प्रचंड सुधारणा. क्षितिजाचं म्हणणं, तो कॉटखाली जाऊन बसलाय, म्हणून दिसत नाही. हल्लीच्या मुलांना आकडे कळत नाहीत. गोडाऊनच्या ग्रुपवर माझी पद्धत टाकली. अठरा अंगठे आले.

शनिवार, ११
लिंबू. चट्ट्यावर चोळलं. बंड्या असा ओरडला की शेजारचे खालिदभाई चालू पॉवरलूम सोडून धावत आले. लूमच्या खडखडाटात त्यांना कसं ऐकू आलं कळत नाही. म्हणाले, केसरीनाथभाई, बेजुबान है, ऐसा मत करो. मी समजावलं, चुरचुरतं म्हणजे लागू पडतंय. त्यांनी माझ्या हातातलं लिंबू काढून घेतलं आणि गेले.

रविवार, १२
बंड्या जेवला नाही. लंघन हासुद्धा उपचारच. हाक मारली की कॉटखाली आणखी आत सरकतो. विश्रांती घेतोय.
क्षितिजा माझ्याशी बोलत नाही.

संध्याकाळी
खोबरेल तेलाचा बेत पुढे ढकलला. वाटी घेऊन खाली वाकलो तर तो थरथरत होता. थंडी वाजत असेल. ऑक्टोबर आहे, पण वाजू शकते.

सोमवार, १३
केवळ क्षितिजाच्या समाधानासाठी धामणकर नाक्यावर डॉ. नाजनीन यांच्याकडे गेलो. पिसवा निघाल्या. साधी गोष्ट होती म्हणे, एका गोळीचं काम. जखम मात्र लिंबाची. त्यावर मलम, आठ दिवस.
घरी मलम कोण लावणार, डॉक्टरांनी विचारलं. मी लगेच हात वर केला. हात वर जाताच बंड्या टेबलावरून डॉक्टरांच्या कुशीत शिरला. त्यांनी क्षितिजाला सांगितलं, तू लाव.
परतताना रिक्षात मी मांडीवर रुमाल पसरला, त्याला बसायला. तो क्षितिजाच्या पायांमागे जाऊन बसला.
घर येईपर्यंत रुमाल तसाच ठेवला.